देव पडला की जादूचं काय होतं? (घरच्या जगासाठी सल्ला हवा, नाशिक)

वीसफासा

नमस्कार मंडळी. रविवारी गंगापूर रोडला आमचा टेबल बसतो. त्या कॅम्पेनमध्ये (सलग चालणाऱ्या कथेत) आता नदीची देवी मरणार आहे. खेळ डंजन्स अँड ड्रॅगन्स, जग घरचंच, नियम पाचव्या आवृत्तीचे, २०१४ च्या पुस्तकांतले. शहर गोदाघाटावर बेतलंय: कुंडं, पायऱ्या, छोटी-मोठी देवळं, पात्रात उभी असलेली एक दगडी मूर्ती.

पार्टी सातव्या लेव्हलची आहे. त्याच देवीची क्लेरिक (देवाकडून स्पेल, म्हणजे मंत्र, मिळवणारी), एक पॅलाडिन (शपथबद्ध योद्धा), एक विझार्ड (अभ्यासातून जादू शिकलेला), एक वॉरलॉक (परलोकीच्या मालकाशी करार करून जादू मिळवणारा) आणि एक रेंजर (रानावनातला योद्धा). प्रश्न असे:

१. क्लेरिकची जादू एका झटक्यात जावी की हळूहळू?
२. विझार्डला याची झळ लागावी का?
३. बरं करणारी जादू गेली तर पार्टी तग धरेल का?

क्लेरिक खेळणारीला "आजपासून तुझे स्पेल बंद" एवढंच सांगून गप्प बसवायचं नाहीये. जग खरोखर बदललंय हे टेबलावर सगळ्यांना जाणवायला हवं.

तपोवनकर

पहिल्यांदा एक ठरवा, निम्मी उत्तरं त्यातूनच मिळतील. तुमची देवी जादूसाठी नेमकं काय काम करत होती?

ती उगम असू शकते, म्हणजे शक्ती तिचीच आणि भक्तांना ती देते. ती वाट असू शकते, म्हणजे शक्ती जगात आधीपासून आहे, पण माणसाला झेपेल अशा रूपात ती पोहोचते ती देवीमुळे. किंवा ती नुसती साक्षीदार असू शकते, म्हणजे शक्ती भक्ताच्या श्रद्धेची आणि देवीचं फक्त नाव. उगम मेला तर तिचे भक्त कोरडे पडतात, बाकी कोणाला फरक पडत नाही. वाट मोडली तर शक्ती शिल्लक राहते पण सैरभैर होते आणि विझार्डसकट सगळे होरपळतात. साक्षीदार गेला तर नियमांत काहीच बदलत नाही, क्लेरिकच्या मनात मात्र सगळं बदलतं.

छापील जगांत याची उत्तम उदाहरणं आहेत. फरगॉटन रेल्म्समधली मिस्ट्रा ही वाट आहे, जादूचं विणकाम ती सांभाळते. तिथल्या कालगणनेत १३५८ साली सगळ्या देवांना जमिनीवर ढकललं गेलं आणि त्यात मिस्ट्रा संपली. परिणाम काय, तर विझार्डांचे स्पेल भलतीकडे जायला लागले, काही भागांत जादू उधळली आणि काही भागांत पार मेली. १३८५ साली तिच्या जागी आलेल्या मिस्ट्राचा खून झाला. त्या वेळी निळी आग पसरली, विझार्ड वेडे झाले, भूगोलसुद्धा बदलला. त्याच्याही कितीतरी आधी, उणे ३३९ साली, कार्सस नावाच्या विझार्डाने तेव्हाच्या देवीची, मिस्ट्रिलची, शक्ती स्वतःकडे खेचायचा प्रयत्न केला. तिने स्वतःचा बळी देऊन दुवा तोडला. क्षणभर सगळी जादू थांबली आणि नेथेरिलची उडती शहरं कोसळली. नंतर जी देवी आली तिने अतिप्रचंड स्पेलांवर कायमची बंदी घातली.

पद एकच, पण तीन वेळा तीन वेगळे परिणाम. कारण मरणाची तऱ्हा दर वेळी वेगळी होती. म्हणून "देवी मेली" इथे थांबू नका, कशी मेली तेही लिहून काढा. बळी दिला असेल तर तुटणं स्वच्छ असतं आणि काळ छोटा. खून असेल तर ते चिघळतं.

ड्रॅगनलान्समध्ये उलटं बघायला मिळतं. महाप्रलयानंतर देव निघून गेले आणि पुजाऱ्यांची जादू बंद झाली. विझार्डांची मात्र चालू राहिली, कारण ती तीन चंद्रांशी बांधलेली होती. पुढे चंद्रच गेले तेव्हा विझार्डही अडकले. आणि डार्क सनच्या जगात (१९९१) मुळात देवच नाहीत. तिथले क्लेरिक पंचमहाभूतांच्या जवळपास जाणाऱ्या तत्त्वांकडून शक्ती घेतात आणि जखमा व्यवस्थित भरतात.

सांगायचं इतकंच की देव पडला म्हणून जादू सरसकट बिघडत नाही. देव जिथे काम करत होता तिथेच ती बिघडते.

पाथर्डी_फाटा

+१. नदीची देवी ही विझार्डांची वाट कशी काय होईल? माझ्या मते ती भक्तांसाठी उगम आणि फक्त नदीच्या पट्ट्यात सगळ्यांसाठी वाट, असं ठेवा. शहर नदीवरच वसलंय, त्यामुळे विझार्डला झळ लागेल पण सगळं जग पेटणार नाही.

मृगनक्षत्र

पहिल्या प्रश्नासाठी एक जुना नियम फार उपयोगी आहे. १९७९ च्या पहिल्या आवृत्तीच्या डीएमच्या (खेळ चालवणाऱ्याच्या) पुस्तकात क्लेरिकचे स्पेल कुठून येतात याची उतरंड दिली आहे. पहिल्या-दुसऱ्या पातळीचे स्पेल स्वतःच्या साधनेतून येतात. तिसऱ्या ते पाचव्या पातळीचे देवाच्या सेवकांकडून. सहाव्या-सातव्याचे थेट देवाकडून. देव मेल्यावर ही उतरंड वरून खाली ढासळते, आणि "हळूहळू"चं उत्तर इथेच सापडतं.

सातव्या लेव्हलच्या क्लेरिककडे पहिल्या ते चौथ्या पातळीचे स्लॉट (दिवसभरात स्पेल टाकायच्या संधी) अनुक्रमे ४, ३, ३, १ असतात. पहिले ४ आणि दुसरे ३ यांना हात लावू नका, ते तिचे स्वतःचे आहेत. तिसरी आणि चौथी पातळी देवीच्या सेवकांवर अवलंबून. सेवक अजून आहेत, पण त्यांची मालकीण नाही. म्हणून सकाळच्या प्रार्थनेला प्रत्येक पातळीसाठी एकदा वीस बाजूंचा फासा टाकायचा:

फासा + विझडम (शहाणपण) मॉडिफायर + प्रोफिशियन्सी (लेव्हलनुसार मिळणारी भर), समोर १० + स्पेलची पातळी + देवी मरून झालेले आठवडे.

विझडम +४ आणि प्रोफिशियन्सी +३ धरली तर पहिल्या आठवड्यात तिसऱ्या पातळीसाठी १४ लागतात, म्हणजे फाशावर ७ किंवा जास्त, ७० टक्के. चौथ्या पातळीसाठी ६५. सहाव्या आठवड्यात हेच ४५ आणि ४० वर येतं. घसरण दिसते पण एका रात्रीत कडेलोट होत नाही.

फासा पडला नाही तर त्या पातळीचे स्लॉट काढून घेऊ नका, दुसऱ्या पातळीवर उतरवा. तिसरी हुकली तर त्या दिवशी स्लॉट ४, ६, ०, १. तिच्या हातात काम उरतं, पण स्पिरिट गार्डियन्स (भोवतालच्या शत्रूंना इजा करणारा तिसऱ्या पातळीचा स्पेल) फक्त चौथ्या पातळीच्या स्लॉटवर, एकदाच. या लेव्हलला क्लेरिकचा सगळ्यात जड स्पेल तोच, त्यामुळे तो कमी पडल्याची जाणीव लगेच होते.

एक चूक हमखास होते: प्रत्येक स्पेलच्या वेळी फासा टाकायला लावणं. समोरचा सेव्हिंग थ्रो (बचावाचा फासा) टाकतोच, त्यावर आधी तिचा फासा, म्हणजे एकाच स्पेलला दोन चाळण्या. लढाई रेंगाळते आणि क्लेरिकची पाळी वाया जायला लागते. फासा सकाळीच, दिवसातून एकदाच.

काळा_ड्रॅगन

चॅनल डिव्हिनिटीचं (क्लेरिकच्या खास दैवी शक्तीचं) काय? सातव्याला दर शॉर्ट रेस्टमागे (छोट्या विश्रांतीमागे) दोनदा मिळते.

मृगनक्षत्र

ती थेट देवीच्या नावावर चालते, म्हणून पहिल्या दिवसापासून एकदाच. टर्न अनडेड (त्याच शक्तीने अनडेडना, म्हणजे मरून उठलेल्यांना, पळवणं) पूर्ण बंद करायचं असेल तर ते वेगळं जाहीर करा, नाहीतर ती भर लढाईत वापरायला जाईल आणि तिथे नाही म्हणावं लागेल.

अजून एक, देवाला प्रश्न विचारणारे स्पेल. ऑगरी दुसऱ्या पातळीचा, म्हणजे उतरंडीनुसार तो चालूच राहणार. त्याच्या मजकुरात फक्त कुठल्यातरी परलोकीच्या शक्तीकडून कौल मिळतो असं आहे. डिव्हिनेशन चौथ्या पातळीचा, आणि त्यात देव किंवा देवाचे सेवक असं स्पष्ट लिहिलंय. देवी मेल्यानंतर डिव्हिनेशनला सेवक उत्तर देतील, घाबरलेले आणि अर्धवट. ऑगरीला मात्र भलतंच कोणीतरी उत्तर देऊ शकतं, आणि कौल खराही निघेल. कोण बोलतंय हे कळण्यासाठी क्लेरिकला जावंच लागेल. एका स्पेलातून दोन-तीन सेशनचं कथानक निघतं.

वीसफासा

ताई, हे फार कामाचं आहे. ऑगरी माझ्या डोक्यातच नव्हता.

इंदिरानगरचा_बार्ड

तिसऱ्या प्रश्नावर आकडे मांडतो, कारण "क्लेरिक गेली की पार्टी मेली" ही भीती अर्धीच खरी आहे.

हीलर्स किट ५ सोन्याच्या नाण्यांना, १० वापर. पार्टीत कोणी हीलर फीट (उपचाराचं खास कौशल्य) घेतलं तर किटच्या एका वापरात १ डी६ (सहा बाजूंचा एक फासा) + ४ + समोरच्याचे हिट डाईस (जितकी लेव्हल तितके) इतके जिवाचे पॉइंट परत येतात. सातव्या लेव्हलला सरासरी १४.५. एका माणसाला प्रत्येक रेस्टमागे एकदाच, पण पाच जणांना मिळून ७२.५. क्युअर वूंड्स (जखमा भरणारा स्पेल) पहिल्या स्लॉटने सरासरी ८.५ देतो, म्हणजे साडेआठ क्युअर वूंड्सइतकं काम किटचे पाच वापर करतात, अडीच नाण्यांत. शिवाय शॉर्ट रेस्टला स्वतःचे हिट डाईस आहेतच. लढाई संपल्यावर जखमा भरण्यासाठी देवाची गरज नाही.

खरी उणीव कुठे भासते? हीलिंग वर्ड. ६० फुटांवरून, बोनस ॲक्शनमध्ये (पाळीतल्या जास्तीच्या छोट्या कृतीत), पडलेल्या माणसाला उभं करणं. किटला पूर्ण ॲक्शन लागते आणि शेजारी पोहोचावं लागतं. उतरंडीच्या नियमात पहिली पातळी शाबूत आहे म्हणून हीलिंग वर्ड तुमच्याकडे राहील. पण साक्षात उगम धरून सगळं बंद केलंत, तर दूरवर तीर मारणारे शत्रू आणि विखुरलेलं मैदान टाळा. मरणाच्या दारातल्या माणसापर्यंत कोणी पोहोचूच शकणार नाही.

दुसरी उणीव मेलेल्याला उठवणाऱ्या रिव्हिव्हिफायची. तिसऱ्या पातळीचा, मेल्यापासून एका मिनिटात, ३०० नाण्यांचे हिरे लागतात. सकाळी तिसऱ्या आणि चौथ्या दोन्ही पातळ्यांचे फासे हुकले की त्या दिवशी मेलेला मेला. हे खेळाडूंना आधी सांगा. माहीत असेल तर ते त्या दिवशी जपून खेळतील, आणि तो ताण तुम्हाला हवाच आहे.

हीलिंग पोशन (२ डी४ + २, सरासरी ७) ५० नाण्यांना असतं. देवी मेल्यावर शहरात भाव तोच ठेवलात तर कोणाला काही घडलंय असं वाटणार नाही. दुप्पट करा आणि देवळाबाहेर रांगा दाखवा.

शापासाठी रिमूव्ह कर्स विझार्ड आणि वॉरलॉक दोघांच्याही यादीत आहे, त्याची काळजी नको. दगड करणारे प्राणी मात्र टाळा. त्यावर लागणारा ग्रेटर रिस्टोरेशन या लेव्हलला पार्टीकडे नसतो, तो शहरातल्या पुजाऱ्याकडून घ्यावा लागतो. तुमच्या जगात तो पुजारीच आता रिकाम्या हाताने बसलाय.

सिडकोची_चेटकीण

विझार्डबद्दल. पाथर्डी_फाटा म्हणतात तसा नदीचा पट्टा ठेवला तर त्यात दोन प्रकार करा, वाइल्ड झोन (जादू उधळते) आणि डेड झोन (जादू चालतच नाही). दोन्ही एकाच वेळी सुरू करू नका.

वाइल्ड झोनसाठी सॉर्सररचा (जन्मजात जादूगाराचा) सर्ज तक्ता, म्हणजे जादू उधळली की काय होतं त्याची यादी, सगळे वापरतात: स्पेल टाकला की वीस बाजूंचा फासा, १ आला तर तक्त्यावर शंभराचा फासा. यात दोन अडचणी आहेत. एकतर ५ टक्के फार कमी पडतात. सेशनमध्ये १० स्पेल टाकले तरी एकही सर्ज न होण्याची शक्यता ६० टक्के, म्हणजे बहुतेक रविवारी काही घडणारच नाही. म्हणून उंबरठा चढता ठेवा. पहिल्या स्पेलला १, दुसऱ्याला १ ते २, तिसऱ्याला १ ते ३. सर्ज झाला की परत १ वर. चार स्पेलांत सर्ज होण्याची शक्यता ४२ टक्के होते, सहांत जवळपास ७०. खेळाडूला उंबरठा वर सरकताना दिसतो आणि पुढचा स्पेल टाकावा की नाही हे तो ठरवू शकतो. टेबलाच्या मध्ये एक फासा ठेवा, प्रत्येक स्पेलनंतर त्याचा आकडा एकाने वाढवा. उंबरठा पूर्ण पार्टीचा एकच ठेवा, म्हणजे विझार्ड आणि वॉरलॉक एकमेकांत बोलून स्पेल वाटून घेतात.

दुसरी अडचण तक्त्यातल्या फायरबॉलची. ०७-०८ आला की स्वतःवरच फायरबॉल, ८ डी६, सरासरी २८. पहिल्या लेव्हलला सरळ मरण. सातव्याला विझार्ड तगेल, पण शेजारी घाटावर आंघोळ करणारी माणसं तगणार नाहीत. गर्दीत हा निकाल लागू ठेवायचा की नाही ते आधीच ठरवा. तक्त्याची झेरॉक्स काढा आणि जे नको ते खोडून नदीचं काहीतरी लिहा: वीस फुटांत गुडघाभर पाणी, सगळ्यांचे आवाज एका मिनिटासाठी बंद, जवळच्या विहिरीला उकळी.

डेड झोनसाठी अँटिमॅजिक फील्ड या जादू दाबणाऱ्या स्पेलचा मजकूर तसाच घ्या. त्यातली मुख्य गोष्ट लोक विसरतात: स्पेल मोडत नाही, दबतो, आणि दबलेला असताना त्याची मुदत चालूच राहते. दहा मिनिटांचा स्पेल घेऊन आत गेलात, चार मिनिटं काढलीत, तर बाहेर आल्यावर तो पुन्हा जागा होतो, पण ती चार मिनिटं गेली. उडत आत शिरलेला खाली पडतो, दर १० फुटांना १ डी६. जादूची तलवार साधी होते, मग वेअरवुल्फसारख्यांना चांदीचंच हत्यार लागतं (एका हत्याराला किंवा दहा बाणांना चांदी चढवायला १०० नाणी). बॅग ऑफ होल्डिंग (आतून खूप मोठी असलेली जादूची पिशवी) फुटत नाही, पण आतलं काही काढता येत नाही. हे त्यांना सीमेबाहेर असतानाच कळायला हवं, नाहीतर हीलर्स किट पिशवीतच अडकून राहील.

पाथर्डी_फाटा

पॅलाडिनला काही करू नका. २०१४ च्या नियमांत त्याची शक्ती शपथेतून येते. शपथ देवीच्या नावाने घेतली असेल तर ती पुन्हा कोणासमोर घ्यायची एवढा एक प्रसंग पुरे. वॉरलॉकला जे मिळालंय ते त्याचंच आहे. त्याचा मालक रिकाम्या जागेवर डोळा ठेवून असेल तर ऑगरीला उत्तर देणारा तोच करा.

तपोवनकर

हे फार छान बसलं.

आता मृगनक्षत्र यांच्या सूत्रात एक बदल सुचवतो. आठवडे मोजण्याऐवजी तुमची पात्रातली मूर्ती वापरा. गोदेला पूर आला की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, पाणी पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत आलं? नुसत्या बघण्यावर अख्ख्या गावाला पातळी कळते. तुमच्या जगात हेच उलटं करा: देवी मेल्यापासून नदीचं पाणी उतरतंय आणि मूर्ती उघडी पडत चाललीय.

एरवी पाणी छातीला. कमरेवर आलं की टप्पा १, क्लेरिकचा सकाळचा फासा सुरू. गुडघ्यावर आलं की टप्पा २, नदीच्या दोन्ही काठांना मैलभर वाइल्ड झोन. पावलांवर आलं की टप्पा ३, मुख्य कुंडाभोवती १२० फूट डेड झोन. चौथरा उघडा पडला की टप्पा ४, डेड झोन पूर्ण घाटावर. सूत्रात आठवड्यांच्या जागी टप्प्याचा आकडा टाका. चौथ्या टप्प्यालाही तिसऱ्या पातळीसाठी १७ च लागतात, म्हणजे ५५ टक्के. क्लेरिक पार निकामी होत नाही.

याचा मोठा फायदा म्हणजे पाणी चढवताही येतं. वाहून गेलेली एखादी वस्तू कुंडात परत आणली, सेवकांपैकी एकाला वाचवलं, तर एक टप्पा वर. वेळेला माणूस काही करू शकत नाही, पाण्याला करू शकतो. पुठ्ठ्यावर मूर्ती काढा आणि पाण्याच्या रेषेला कपड्याचा चिमटा लावा. खेळाडू आल्या आल्या आधी चिमटा कुठे आहे ते बघतील.

इंदिरानगरचा_बार्ड

हे वापरणारच. फक्त एक जपा, लागोपाठ दोन सेशनमध्ये दोन टप्पे उतरवू नका. नवीन नियम अंगवळणी पडायला एक लढाई लागते.

काळा_ड्रॅगन

क्लेरिक खेळणारीला आधी सांगावं की नाही? देवी मरणार हे गुपित आहे म्हणतात.

सिडकोची_चेटकीण

घटना गुपित ठेवा, परिणाम नको. "पुढच्या टप्प्यात तुझ्या पात्राची शक्ती काही काळ डळमळीत होईल, पूर्ण जाणार नाही, आणि ती परत मिळवणं हा कथेचा मोठा भाग असेल, चालेल ना?" एवढं एकटीला विचारा. नको म्हणाली तर साक्षीदाराचा पर्याय घ्या, म्हणजे तिचे स्पेल शाबूत राहतील आणि झळ फक्त नदीच्या पट्ट्याला लागेल. आणि जे काढून घ्याल त्याच्या बदल्यात असं काहीतरी द्या जे फक्त तिलाच मिळेल. उदाहरणार्थ, देवीच्या सेवकांचे आवाज आता तिला झोपेतही ऐकू येतात.

वीसफासा

मंडळी, मनापासून आभार. असं ठरवतो: देवी भक्तांसाठी उगम, काठावर वाट, मरण खुनाने. उतरंड आणि मूर्तीचे टप्पे दोन्ही घेतो. क्लेरिकवालीशी या आठवड्यातच बोलतो.

शेवटचे दोन प्रश्न. मरणाच्या क्षणी तिच्या हातात उरलेल्या स्लॉटचं काय? आणि घाटावरच्या देवळांवर जुन्या पुजाऱ्यांनी टाकलेला हॅलो (Hallow, जागा पवित्र करणारा) स्पेल आहे, तो तर कायमचा असतो.

मृगनक्षत्र

उरलेले स्लॉट चालू द्या. ते सकाळीच मिळालेले आहेत. देवी संध्याकाळी मरते, त्या रात्रीची लढाई पूर्ण ताकदीने होते, आणि फरक दुसऱ्या दिवशीच्या प्रार्थनेला कळतो. मरण लढाईच्या मध्यावर ठेवलंत तर हिशोब तिथल्या तिथे बदलावा लागेल आणि सगळी लढाई नियमांच्या चर्चेत जाईल.

हॅलो हा डिस्पेल होईपर्यंत टिकणारा स्पेल आहे, पण पाचव्या पातळीचा, म्हणजे उतरंडीत सेवकांच्या जोरावरचा. टप्पा २ ला तो विरू द्या. हॅलो असताना अनडेड त्या जागेत पाऊल टाकू शकत नाहीत, म्हणून पाणी गुडघ्यावर आलं त्याच रात्री स्मशानाला लागून असलेल्या देवळात ते शिरतात. ६ घूल (प्रेतं खाणारे अनडेड) आणि १ घास्ट (त्यांचा जास्त ताकदवान भाऊबंद) घ्या. मिळून १६५० एक्सपी (अनुभवाचे गुण, लढाईची अवघडता यावरून मोजतात), सात शत्रूंचा गुणक २.५, म्हणजे ४१२५. सातव्या लेव्हलच्या पाच जणांना मध्यम ३७५० ला सुरू होतं आणि कठीण ५५०० ला, तेव्हा हे मध्यमच्या थोडं वर. टर्न अनडेड एकदाच उरलंय आणि घास्टमुळे आसपासच्या घूलांना त्याविरुद्ध ॲडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा घेणं) मिळतो, म्हणून आधी घास्ट पाडावा लागेल. पार्टीत एल्फ असेल तर घूलच्या पंजाने त्याला लकवा होत नाही, दारात त्यालाच उभं करतील.